भुईवर ठेवलेली सुरी

लग्नानंतर ह्यांच्या तोंडून माझ्यासाठी निघालेला पहिला शब्द कोणता, सांगू? "खाली ठेव."

दुसऱ्या बायकांना नवरे काही गोडधोड बोलले असतील. मला हे मिळालं. झालं असं, की मी नवी नवरी, मेंढरांबरोबर रानात गेलेली, आणि दगडावर बसून कांदा चिरत होते. एक कोकरू दोरात अडकलं म्हणून ह्यांना सुरी पाहिजे होती. ह्यांनी हात पुढे केला, मी सुरी पुढे केली. विस्तवाला हात लागावा तसा ह्यांनी तो मागे ओढला. "खाली ठेव. भुईवर." मी घाबरून ठेवली. मग ह्यांनी ती उचलली, दोर कापला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हातात सुरी दिली की भांडण व्हतं. आपल्याला लई दिवस काढायचेत."

आमच्यात धारेचं लोखंड कुणी कुणाच्या हातात देत नाही. सुरी असो, कोयता असो, नाहीतर लोकर कातरायची कातर असो. देणाऱ्याने भुईवर ठेवायचं, घेणाऱ्याने भुईवरनं उचलायचं. मध्ये भुई असली म्हणजे भांडण भुईत जिरतं म्हणे. खरंखोटं देव जाणे. मी एवढंच सांगते, की सगळा जन्म आम्ही एकमेकांना सुरी भुईवर ठेवून दिली आणि तरी भांडणात एक दिवस खाडा पडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, सुरीचं एवढं काय कौतुक? स्वयंपाकघरात चार पडलेल्या असतात. ती सुरी वेगळी, बरं का. मेंढरामागे जाणाऱ्या माणसाची सुरी कमरेला असते. वाढलेला खूर तासायचा, पायातला काटा काढायचा, वरचा डहाळा ओढून छाटायचा, आणि उन्हं डोक्यावर आली की त्याच सुरीने भाकरीबरोबर कांदा. हल्ली तर नवंच काम निघालंय. आमच्या महाळुंगे पडवळ गावाच्या अंगाला आता जिकडेतिकडे टोमॅटो. बांधाला नायलॉनची जाळी, वावरात सुतळी, तार, प्लास्टिकचा कागद. मेंढराचा पाय त्यात गुंतला की ते ओढतं, आणि ओढेल तेवढी गाठ आवळते. मानेला फास बसला तर सुरीवाचून जनावर डोळ्यांदेखत जातं. म्हणून सुरीशिवाय मेंढरामागे जायचं नाही, हा ह्यांचा कायदा.

आणि ती सुरी मिटणारी नको. एका जत्रेत ह्यांनी हौसेनं मिटणारा चाकू घेतला होता, शिंपल्यासारख्या चकचकीत मुठीचा. महिनाभर मिरवला. मग त्याच्या सांध्यात लोकर गेली, चिखल गेला, आणि एक दिवस खूर तासताना तो ह्यांच्या बोटावरच मिटला. "अडीनडीला मान टाकतो तो आपल्या काय कामाचा," म्हणाले, आणि चाकू पोरांना पेरू कापायला देऊन टाकला. त्यानंतर एकच सुरी, एकसंध पात्याची. दगडावर घासून घासून तिचं पातं कडुनिंबाच्या पानाएवढं झालं होतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आम्ही घाट उतरून कोकणात जायचो, तेव्हापासूनची ती. आता कोकण सुटलं, विसाची एक अशा खंड्यांनी मोजायची मेंढरं ओंजळभर राहिली, पण सुरी तीच.

मग ह्यांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं.

मंचरच्या डॉक्टरांनी चांगलं बघितलं. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, डाव्या हातात काठी आली. उजवा हात मात्र उशिरा उठलेल्या माणसासारखा, सांगाल ते ऐकतो पण सावकाश. बरं वाटायला लागलं तसे हे हट्टाने मेंढरामागे निघाले. पहिल्याच आठवड्यात कालव्याच्या कडेला काही कापायला गेले आणि सुरी हातातून निसटून कालव्यात पडली. घरी आले, ओट्यावर बसले, म्हणाले, "सुरी गेली." बस. दुसऱ्या दिवशी उठले नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. मेंढरामागे मी जायला लागले, आणि माझे गुडघे तर तुम्हाला माहीतच नाहीत म्हणून बरं.

मुलगा चाकणला कंपनीत आहे. रोज जाऊन येऊन करतो, पोरगा मायाळू. तो म्हणाला, "आई, तुझे गुडघे असले, आबांचा हात तसला. मेंढरं काय हवा खाऊन जगत्यात? गिऱ्हाईक बघतो. आबा पयल्यासारखे जायला लागले तर माझं काय म्हणणं न्हाई. पण न्हाईतर इकू."

आबा म्हणजे हेच. घरात लहानथोर सगळे ह्यांना आबा म्हणतात.

मेंढरं विकायची म्हटल्यावर हे काही तरी बोलतील असं मला वाटलं. हे म्हणाले, "बरं."

आजारपणापासून हे सगळ्याला "बरं" म्हणायला लागले होते. भाजीत मीठ जास्त पडलं, बरं. टीव्ही बंद करू का, बरं. ज्या माणसाने मला उभ्या आयुष्यात एक वाट सरळ चालू दिली नाही, इकडून नको तिकडून चल केलं, तो "बरं" म्हणायला लागला की बाईने घाबरावं. मी मुलाला म्हटलं, "आधी सुरी आणू. सुरी आली की जातील."

पहिली सुरी मुलानेच मागवली, मोबाईलवरनं. काय तिचा थाट! काळं पातं, पाठीला करवतीचे दात, मूठ जाडजूड, आणि मुठीच्या बुडाला होकायंत्र. मी विचारलं, "ह्ये कशाला?"

"दिशा कळती, आई. रानात वाट चुकली तर."

"आबा घाट उतरून कोकणात जाऊन आले, एकदा न्हाई, दरसाल. मेंढरांनी वाट इचारली व्हती व्हय त्यांना?"

"अगं, रिव्ह्यू लई चांगले व्हते," तो म्हणाला, पण हसला.

मी ती सुरी परसात नेली आणि सुबाभळीच्या डहाळीवर चालवली. चार घावांत मूठ हलायला लागली. मूठ आतून पोकळ, पात्याचं शेपूट आत बोटाच्या पेराएवढं. खुंटी भिंतीत खोल गेलेली नसली तर तिच्यावर घोंगडी टांगता येते का? सुरीचं तसंच आहे. शेपूट मुठीच्या बुडापर्यंत गेलं पाहिजे. शिवाय जोर देताना अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवावा लागतो, तिथं तर करवत. तरी मी ती ह्यांच्यापुढे भुईवर अंथरलेल्या पोत्यावर ठेवली. म्हटलं, मुलाने हौसेनं आणलीय.

ह्यांनी बघितली. "बरी हाय. ठेवा."

ती भिंतीतल्या देवळीत गेली.

मग मी जुन्नरच्या बाजारला गेले. रस्त्याकडेला लोहाराचं बिऱ्हाड असतं, नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि बायको घण मारते. त्या बाईचा घण काय पडतो! मी बघत बसले आणि एसटी चुकली. ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा तापवून त्यांनी सुरी घडवली. लोहार म्हणाला, "मूठ केवढी ठेवू, मावशे?" मी माझी मूठ दाखवली आणि म्हटलं, "ह्याच्याहून दांडगी. मेंढक्याचा हात हाय." त्याने बाभळीच्या लाकडाची मूठ बसवली, तासली, तेल पाजलं. आरशासारखी गुळगुळीत. शेपूट आरपार, दोन रिवेट. ही माझ्या मनाची सुरी होती. पोत्यावर ठेवली.

"बरी हाय. ठेवा."

तिसरी सुरी नातीची. मुलाची मुलगी ती, जुन्नरला कॉलेजात आहे आणि सुट्टीच्या दिवशी घाटघरला जाऊन पुण्यामुंबईच्या लोकांना नाणेघाट दाखवते. पाठीवर पिशवी, पायात बूट, कमरेला तिची स्वतःची सुरी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मनात म्हटलं, आजोबाच आला गं परत, वेणी घालून. तिची सुरी दिसायला साधी. पातं माझ्या बोटापेक्षा थोडं लांब, स्टेनलेसचं. मूठ हिरव्या रबराची, मध्ये जरा फुगीर, आणि पुढे बोट अडायला उंचवटा. प्लास्टिकचं कडक म्यान. सुरी आत सारली की टक् करून बसते.

"आज्जे, रानातल्या सुरीला लांबी कशाला? लांब सुरी नुसती मिरवायला. मूठ वल्ल्या हातात सरकली न्हाई पायजे, बास."

"आन् गंज?"

"ही गंजत न्हाई."

"आन् धार?"

इथं ती जरा अडखळली. मग आम्ही दोघींनी ओट्यावर परीक्षाच मांडली. लोहाराची आणि तिची, दोन्ही सुऱ्यांनी नायलॉनचा दोर कापला, डहाळी तासली, पिकलेला टोमॅटो चिरला, लिंबू कापून पाती तशीच ठेवली. लोहाराची काळी पडली, तिची होती तशी. मग ओढ्यातून आणलेल्या दगडावर दोन्हींना धार लावली. लोहाराची चार घासात चमकली. तिची मात्र घासतेय घासतेय, हात दुखला तरी आपली ढिम्म. मी म्हटलं, "ह्यातली एक लगेच चिडती आन् लगेच निवती. दुसरी चिडत न्हाई, पण एकदा रुसली की दगड झिजतो, ती हलत न्हाई."

नात म्हणाली, "म्हंजे तू आन् आबा."

हे शेजारीच बसले होते. एरवी ह्यावर काहीतरी खवचट बोलले असते. नातीने तिची सुरी त्यांच्यापुढे भुईवर ठेवली. "आबा, ही माझी तुमी घ्या. मी दुसरी घेईन."

"बरी हाय. ठेव."

पोरीचं तोंड एवढंसं झालं.

रात्री जेवताना मुलगा हळूच म्हणाला, "आई, आबांचं मन उडालंय. तीन सुऱ्या आणल्या, एकीला हात लावला न्हाई. सोमवारी माणूस येतोय मेंढरं बघायला." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेंढरं वाघरीतून सोडायला गेले. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. जाळीचा खुंटा निघेना म्हणून हातोडा घ्यायला परत आले, तर दाराआडून हे दिसले. देवळीतल्या तिन्ही सुऱ्या डाव्या हाताने ओढून पोत्यावर पाडलेल्या, आणि हे समोर बसून उजव्या हाताने लोहाराची सुरी उचलायला बघत होते. बोटं मुठीखाली शिरत नव्हती. मुंगी शेंगदाणा ढकलते तशी सुरी नुसती पुढे पुढे जात होती. ती पोत्याबाहेर गेली. मग हे नातीच्या सुरीकडे वळले. तीही सरकली. घाम आला होता ह्यांच्या कपाळावर.

मी तिथंच खिळले. आणि एकदम माझ्या डोक्यात आलं, सकाळी चहाचा कप मी ह्यांच्या उजव्या हातात दिला होता. रोज देते. भाकरीचा तुकडा हातात देते, सदऱ्याची बाही हातात देते. ते सगळं हे धरतात, सोडत नाहीत. सुरी तेवढी आम्ही खाली ठेवतो! मुलाने सुरी आपल्या हातात धरून बघितली, लोहाराने आपल्या, नातीने आपल्या, मी माझ्या. ज्यांच्यासाठी सुरी, त्यांच्या हातात ती कुणी दिलीच नव्हती. देणार कशी? आमच्यात देत नाहीत. आणि चारचौघांत भुईवरनं उचलायला जाऊन फजिती होण्यापेक्षा ह्यांना "बरी हाय, ठेवा" सोपं होतं.

मी चार पावलं मागे गेले. बाहेरनंच मेंढरांना उगाच मोठ्याने हाका मारल्या, खाकरले. तेवढ्यात हे भिंतीला टेकून बसतील, कपाळ पुसतील. मग आत आले. काही विचारलं नाही. नातीची सुरी उचलली, पातं माझ्याकडे केलं आणि मूठ ह्यांच्यापुढे धरली.

"खाली ठेव," हे म्हणाले.

"न्हाई ठेवत."

"अगं, भांडण व्हईल."

"व्हऊ द्या. अवं, मेंढरं चाललीत सोमवारी. भांडायला तरी काय राहील घरात? धरा."

मग हात पुढे आला. मी मूठ तळव्यात ठेवली आणि बोटं एकेक करून मिटवली. धरली. माझ्या हातातून सुटली तरी ह्यांच्या हातात राहिली.

आता खरी निवड सुरू झाली. लोहाराची दिली, तर तिची गुळगुळीत मूठ करंगळीखालून घसरायला लागली. मी सांगितलेला दांडगा हात पूर्वीचा होता, आणि पुढे पातंही जड. मुलाच्या सुरीची जाड मूठ मात्र हातात गच्च बसली. मला हसू आलं. होकायंत्रवालीला बाकी काही नाही तरी एवढं कळलं होतं. पण हलणाऱ्या पात्याला काय करता? नातीचं रबर धरून ठेवत होतं, फक्त शेवटची दोन बोटं तळव्याला टेकत नव्हती.

"जाडी पायजे," हे म्हणाले.

नातीची जुनी सायकल होती पडवीत, तिची फाटकी ट्यूब काढली. कातरीने लांब पट्टी कापली आणि नातीच्या सुरीच्या मुठीवर ओढून ओढून गुंडाळायला लागले. हे सांगत होते, "ताण. अजून ताण. तुझ्यानं ताणवत न्हाई तर सांग."

"तुमच्यापरीस जास्त ताणवतंय."

"आणखी एक येढा घे. झाला. न्हाई, अर्धा सोड. एवढं कळत न्हाई व्हय?"

एवढं कळत नाही व्हय! किती दिवसांनी ऐकलं मी हे. टोकाची उरलेली पट्टी मी ताणून धरली आणि ह्यांनी नव्या सुरीने ती सप्कन कापली. पहिला घाव तो.

म्यान कमरेला बांधलं तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. म्यानात सुरीची मूठ वर उभी असते. तिला भुईवरनं उचलावं लागत नाही, नुसती धरायची आणि ओढायची. ह्यांनी ओढली, परत सारली. टक्. ओढली, सारली. टक्. दिवसभर घरात ती टक् टक् चालू होती.

संध्याकाळी मुलगा आला. दारातच उभा राहून बघत राहिला. मग म्हणाला, "पण रानात हातातून पडली तर?"

"पडली तर मी हाय की," मी म्हटलं. "दोघं जाऊ."

"आन् तुझे गुडघे?"

"मेंढरं काय पळत जात न्हाईत. चरत जात्यात."

त्याने आबांकडे बघितलं. ह्यांनी सुरी ओढली, सारली. टक्. मुलाने फोन काढला आणि अंगणात जाऊन म्हणाला, "राव, सोमवारचं राहू द्या. न्हाई इकायची."

लोहाराची सुरी मी माझ्याकडे ठेवलीय, माझ्या हाताला ती छान बसते, आणि चिडकी आहे म्हणून मला आवडते. होकायंत्रवाली देवळीतच आहे. देवळीचं तोंड उगवतीला हे आम्हाला आता पक्कं कळलंय.

चारेक दिवसांत ते झालंच. टोमॅटोच्या वावराकडेला एका मेंढीने जाळीत मान घातली. मी तिला मागून धरली, ह्यांनी काठी टाकली, डाव्या हाताने जाळी ताणली आणि उजव्याने सुरी ओढली. नायलॉनचे धागे एकेक तुटत गेले. मेंढी सुटली, मला पाडून पळाली. आणि ह्यांच्या हातातून सुरी गवतात पडली.

पलीकडच्या वावरात बायका कांदा लावत होत्या. ह्यांनी तिकडे बघितलं. मी कंबर धरून उठले, सुरी उचलली, पदराला पुसली आणि मूठ पुढे केली.

"खाली..." म्हणता म्हणता हे थांबले. घेतली. टक्.

मग घरापर्यंत आमचं वाजलं. म्हणे मी मेंढरं जाळीच्या कडेने आणली म्हणून मेंढी अडकली. मी म्हटलं, काठी तुमी हालवली, ती तिकडं वळली. म्हणे आयुष्यात एकदा तरी माझं ऐकलंस का. मी म्हटलं, ऐकलं म्हणून तर एवढे दिवस वाकून सुरी उचलली. ओट्यावर नात बसली होती, आम्हाला बघून म्हणाली, "आज्जे, रस्त्यावरनं आवाज येतोय तुमचा. काय झालं?"

"तुझ्या आज्जीनं हातात सुरी दिली," हे म्हणाले. "दुसरं काय व्हनार?"

मी चहा केला. कप ह्यांच्या हातात देताना म्हटलं, उद्या ओढ्याच्या अंगानं जाऊ.

"न्हाई," हे म्हणाले. "उद्या वरच्या अंगानं."